मागच्या खोलीतले ध्वनिमुद्रण

महाविद्यालयात शांत खोली मिळेना, म्हणून एम. ए.च्या चार विद्यार्थ्यांचा पॉडकास्ट रामदासपेठेत, आमच्यापैकी एकीच्या घराच्या मागच्या खोलीत सुरू झाला. शांतता तिथेही बेताचीच. या भागात दवाखाने इतके, की रुग्णवाहिकेचा भोंगा अधूनमधून ध्वनिमुद्रणात शिरायचाच. खिडकीला गोधडी लावून मुले काम करीत. शहरातल्या माणसांनी आपापल्या वस्तीची हकिकत आपणच सांगावी, निवेदकाने फार मध्ये येऊ नये, एवढाच त्यांचा संकल्प. आम्हा दोघींकडे काम आले ते भाषा तपासण्याचे. मराठीच्या प्राध्यापकांकडे दुसरे कोणते येणार?

ते आम्ही उत्साहाने केले, हे आज सांगताना संकोच वाटतो. वर्गात आम्ही ग्रिअर्सन शिकवतो. त्यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ सालचा. बायबलातल्या उधळ्या पुत्राची कथा ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेण्याची त्या सर्वेक्षणाची रीत होती. वऱ्हाडी आणि नागपुरीची दखल त्या खंडात आहे. बोली म्हणजे अशुद्ध भाषा नव्हे, हे वाक्य आम्ही दर वर्षी फळ्यावर लिहितो. आणि मागच्या खोलीत मात्र 'येऊन राहिलं'च्या जागी 'येत होतं' म्हणवून घ्या, असे मुलांना बजावत होतो. एका विद्यार्थिनीने विचारलेही, "मॅडम, मंग त्यायले बोलवून काहून राहिलो आपन?" आम्ही ते हसण्यावारी नेले.

पुढे मुलांनी पुराचा भाग करायला घेतला. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि एरवी आम्ही जिला नाला म्हणतो ती नाग नदी घराघरांत शिरली. मुलांनी नदीकाठच्या वस्तीतल्या एका मावशींना बोलते केले. त्या याच घरी धुणीभांडी करतात. पाणी खाटेपर्यंत चढले, धान्याची कोठी तरंगू लागली, हे सगळे त्यांनी फारसा आवाज न चढवता सांगितले. मग म्हणाल्या, "पानी घरात येऊन राहिलं होतं, आन् मी बाईले फोन लावून राहिली होती का आज उशीर होईन म्हून. त्या म्हनल्या, मंग भांडे कोन घाशीन?"

ती बाई म्हणजे आमच्यापैकी एक. त्या पहाटे आपल्या गल्लीत पाणी नव्हते, वस्तीची कल्पना नव्हती, ही सबब आम्ही एकमेकींना अनेकदा सांगून पाहिली आहे.

मुलांनी विचारले, हे ठेवायचे ना? आम्ही म्हणालो, भाग लांबतो आहे, एवढे कापा. या वेळी व्याकरणाचा प्रश्नही नव्हता. सामुदायिक रेडिओचे परवाने स्वयंसेवी संस्थांना २००६च्या धोरणाने खुले झाले, पण स्वतःच्या बातम्या देण्यास त्यांना मनाई राहिली. यावर आम्ही स्टाफरूममध्ये तावातावाने बोललो आहोत. पॉडकास्टला तर कुणाचा परवानाच लागत नाही. तिथे कात्री आमच्याच हातात होती.

मुले काही बोलली नाहीत. दोन दिवसांनी तीच विद्यार्थिनी येऊन म्हणाली, "मावशीले विचारलं. त्या म्हनल्या, ठेवा." आम्हाला विचारायला ती आलीच नव्हती, कळवायला आली होती. भाग त्या वाक्यासकट गेला, 'येऊन राहिलं'ही जसेच्या तसे. बाईचे नाव त्यात नाही, पण मुलांना ते ठाऊक आहे.

मावशींनी तो लेकीच्या फोनवर ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीच्या वेळी आल्या. आज भांडी राहू द्या, असे आम्ही जरा घाईनेच म्हणालो. त्यांनी नळ सोडला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आवाज मस्त आला, बाई. माह्यावानीच."

तोवर खिडकीवरची गोधडी कुणीतरी काढून नेली होती. बहुधा त्यांचीच असावी.