जाळं आणि गंज

कोळ्याचा जवळून फोटो काढायचा तर एक नियम पक्का आहे: डोळे स्पष्ट यायला हवेत. पाय धूसर झाले तर चालतं, पोट धूसर झालं तरी चालतं, पण डोळे हुकले की फोटो वाया. इतक्या जवळून टिपताना फोकसमध्ये येणारा थर जेमतेम मिलिमीटरभर असतो, कधी त्याहूनही कमी. आपण श्वास सोडला तरी तो सरकतो.

जुन्या ट्रॅक्टरसाठी असा नियम कुणी सांगितलेला नाही. त्याचे डोळे कुठे आहेत, ते आपणच शोधायचं.

मला या दोन्हींचा नाद आहे. तंजावरात बँकेत नोकरी करते, रविवार मोकळा असतो. महागडी मॅक्रो लेन्स नाही. जुनी पन्नास मिलिमीटरची लेन्स उलटी करून रिंगने कॅमेऱ्याला बसवली आहे, तिचं अ‍ॅपर्चर हाताने फिरवावं लागतं. फ्लॅशपुढे आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्याचं झाकण. एवढ्या सामानावर काम भागतं.

आमचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग इकडे आले असं घरात सांगतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यामुळे प्रत्येक गोष्टीला दोन नावं मिळतात. मराठीत 'कोळी' म्हटलं की आधी जाळं डोळ्यांपुढे येतं. तमिळमध्ये तो 'एट्टुकाल पूच्ची', म्हणजे आठ पायांचा किडा. एका भाषेने जाळं पाहिलं, दुसरीने पाय मोजले. डोळे कुणीच मोजले नाहीत. बहुतेक कोळ्यांना तेही आठच असतात.

मामांचं शेत तिरुवैयारूच्या बाजूला आहे. भाताचं शेत म्हणजे कोळ्यांचं गावच. लांबट अंगाचा कोळी पानाला समांतर पाय पसरून पडतो, तेव्हा पान कुठे संपलं ते कळत नाही. लांडगा-कोळी जाळं न विणता पळत शिकार करतो, साचलेल्या पाण्यावरूनही धावतो. रात्री कपाळाशी टॉर्च धरून बांधावर उभं राहिलं की त्याचे डोळे हिरवट चमकतात. पहिल्यांदा मला ते दवबिंदू वाटले होते, पण दवबिंदू पळत नाहीत. याची मादी अंड्यांची पिशवी मागे चिकटवून हिंडते आणि पिल्लं झाली की ती पाठीवर घेते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मामा ओसरीवर बसून असायचे. त्यांना मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर उडी मारणाऱ्या कोळ्याचा चेहरा मोठा करून दाखवला. पुढचे दोन डोळे गाडीच्या दिव्यांसारखे. हा कोळी डोळा न हलवता आतला पडदा हलवतो, त्यामुळे बघता बघता डोळ्याचा रंग पालटतो. मामा बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "साठ वर्षं शेती केली, याचं तोंड आज पाहिलं."

तशी जवळून पाहायची सवय या गावाला जुनी आहे. सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून घेतली होती. उपचारांच्या नोंदींसह ती सरस्वती महालात जपलेली आहेत. औषध द्यायच्या आधी नीट बघायचं, एवढं ती चित्रं सांगतात.

शेतात मात्र आम्ही उलटं करत आलो. भातावर तपकिरी तुडतुडे दिसले की फवारणी. तुडतुडे हे या कोळ्यांचं रोजचं जेवण. सरसकट मारणारं औषध फवारलं की उघड्यावर फिरणारे कोळी मरतात. तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात दडलेली असतात, ती वाचतात. ती फुटतात तेव्हा खाणारं कुणी उरलेलं नसतं, आणि तुडतुडे आधीपेक्षा जास्त होतात. भातावर संशोधन करणाऱ्यांनी हे फार पूर्वीच दाखवून दिलं आहे. मामांना मी ते सांगितलं तेव्हा ते हिशेबी माणसासारखे म्हणाले, "म्हणजे हे बिनपगारी गडी होते, आणि आम्ही पैसे मोजून त्यांना मारलं."

दुसरा बिनपगारी गडी नारळीखाली उभा होता. मद्रासच्या टॅफे कंपनीचा लाल मॅसी फर्ग्युसन, मामांनी १९८६ साली कर्ज काढून घेतलेला. मेट्टूर धरणाचं पाणी कालव्याला आलं की लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावून तो चिखलणीला उतरायचा. आता शेत खंडाने दिलं आहे, खंडकरी भाड्याची यंत्रं आणतो. ट्रॅक्टरच्या फुटक्या दिव्यात लांब पायांच्या कोळ्याने जाळं केलं होतं, हत्यारांच्या पेटीत उडी मारणारी मादी रेशमी पिशवीत अंडी राखत बसली होती. भंगारवाला येऊन बघून गेला होता. लोखंड किलोवर जाणार होतं.

त्या दिवसांत मी ट्रॅक्टरचे डोळे शोधत होते. दिवे काही ते नव्हते. शेवटी पायाशी सापडले. अशा ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, एकेका मागच्या चाकाचं एकेक. शेतात एकच दाबलं की थोडक्या जागेत वळता येतं. डाव्या चाकाचं पेडल झिजून गुळगुळीत झालं होतं, उजव्यावरच्या रेघा अजून शाबूत होत्या. फोटो पाहून मामा लगेच म्हणाले, "उजव्या हाताला पाट होता. मी कायम डावीकडेच वळवायचो." चाळीस वर्षांची शेती तळहाताएवढ्या लोखंडात उमटली होती.

तिरुवानैक्कावलच्या देवळाची गोष्ट इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. शिवलिंगावर पानं पडू नयेत म्हणून एका कोळ्याने वर जाळं विणलं. हत्ती रोज सोंडेतून पाणी आणून अभिषेक करायचा. त्याला ते जाळं म्हणजे कचरा वाटला आणि त्याने ते काढून टाकलं. कोळ्याने पुन्हा विणलं, हत्तीने पुन्हा काढलं. शेवटी कोळी सोंडेत शिरून चावला आणि दोघेही मेले. कोळी पुढच्या जन्मी कोच्चेंगट चोळ राजा झाला. त्याने हत्तीला चढता येऊ नये अशी उंच जोत्यांवरची देवळं बांधली. राजाच्या नावाचा अर्थ लाल डोळ्यांचा. म्हणजे पुराणाने तेवढे डोळे ध्यानात ठेवले म्हणायचे.

मला त्या गोष्टीत हत्ती वाईट वाटत नाही. तोही सेवाच करत होता. दुसऱ्याची सेवा त्याला घाण दिसली, इतकंच. आमच्या घरी दिवाळीआधी जाळी झाडतात, गंजलेलं लोखंड विकतात, तेव्हा तोच हत्ती आमच्यात असतो. काही कचरा खरंच कचरा असतो. पण ते ठरवण्याआधी एकदा जवळून बघायला हवं, असं मला वाटतं.

ट्रॅक्टर गेला. तो ठेवून घ्यायला जागा नव्हती आणि मामांना पैशांची गरज होती. हत्यारांची पेटी तेवढी त्यांनी सोडवून घेतली, मादीसकट, आणि नारळीच्या बुंध्याशी ठेवली. मग खंडकऱ्याला बोलावून मला फोटो दाखवायला लावले. त्याच्या सांब्याच्या पिकावर तुडतुडे दिसू लागले होते, औषधाचा डबा आणून ठेवलेला होता. त्याने लांडगा-कोळ्याचा फोटो दोनदा मागे-पुढे केला आणि विचारलं, "असे माझ्या शेतात किती?"

मला सांगता आलं नाही. तो म्हणाला, मोजून सांगा, तोवर डबा उघडत नाही. म्हणून येत्या रविवारी मी कॅमेरा घरी ठेवून वही घेऊन जाणार आहे. दर चुडाला तुडतुडे किती, कोळी किती, एवढंच लिहायचं आहे.