गर्भगिरीची पायवाट आणि श्वानाची सोबत

शेवगांवचें नांव घेतलें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें काळी सपाट जमीन, कपाशीचीं शेतें आणि उन्हाळ्यांतील धूळ एवढेंच उभें राहतें. सह्याद्रीचें वैभव आमच्या वांट्यास आलेलें नाहीं, हें खरें. तथापि एका अंगास गोदावरी व दुसऱ्या अंगास, पाथर्डी तालुक्यांत, गर्भगिरीची डोंगरओळ असल्यामुळें ज्याच्या पायांत बळ आणि मनांत हौस आहे त्यास फिरावयास ठिकाणें उणीं नाहींत. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झालें आणि नाथसागराचें पाणी आमच्या तालुक्याच्या कडेस येऊन भिडलें. १९८६ सालीं तेथें पक्षी-अभयारण्य झालें. पांखरांनीं निर्भयपणें उतरावें यासाठीं राखलेल्या त्या जागीं कुत्रें घेऊन जाणें आम्हांस उचित वाटलें नाहीं. म्हणून मोत्यास बरोबर घ्यावयाचें ठरतांच आम्ही डोंगराची वाट धरली.

मोत्या हा तांबूस रंगाचा गांवठी कुत्रा. आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवानें तो पिलूं असतांना घरीं आणला, तेव्हां सोंवळ्याच्या घरांत कुत्रें कसें, म्हणून बरीच चर्चा झाली. आम्ही घरच्या मंडळींस इतकेंच सांगितलें कीं, वैश्वदेवाच्या वेळीं श्वानांसाठीं बलि बाहेर ठेवावा असें आपलींच शास्त्रें सांगतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत पणींनीं लपविलेल्या गाईंचा शोध घेत जाणारी सरमा इंद्राची दूती म्हणून बोलते. आणि दत्तात्रेयांच्या पायांशीं बसलेल्या चार श्वानांस परंपरा चार वेद मानते. यावर वहिनींनीं एकच अट घातली: स्वयंपाकघराचा उंबरठा त्यानें ओलांडूं नये. ती अट मोत्या आजवर पाळीत आला आहे.

मार्गशीर्षांतील एका पहांटे दोघे नातू, मोत्या व आम्ही असे जीपगाडीनें निघालों. अमरापूर व तिसगांव मागें टाकून उजाडतां उजाडतां मढीस पोंचलों. श्रावणांत नवनाथांची पोथी ज्या घरांतून वाचली जाते त्यांस मढी, मायंबा व वृद्धेश्वर हीं नांवें नवीं नाहींत. मढीस कानिफनाथांची, तर मायंब्यास मच्छिंद्रनाथांची समाधि. आणि घळींत वसलेला वृद्धेश्वर हा आमच्याकडील लोकांचा ‘म्हातारदेव’. मढीची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते व तेथें भरणारा गाढवांचा बाजार दूरदूरवर प्रसिद्ध आहे. त्या गर्दींत अठरापगड जातींचे लोक येतात. आम्ही गेलों त्या दिवशीं मात्र टेकडीवर चारसहा माणसांपलीकडे कोणी नव्हतें. किल्ल्यासारख्या तटाच्या आंत जातांना एकानें मोत्यास घेऊन बाहेर थांबावें व इतरांनीं दर्शन घ्यावें, असा क्रम आम्हीं ठेविला.

तेथून डोंगरांतून मायंब्याकडे पायीं निघालों. मायंबा बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत येतो. डोंगर मात्र एकच आहे. काळ्या पाषाणाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक चढत जातात. पावसाळ्यांतील हिरवें गवत या दिवसांत पिकून सोनेरी झालेलें असतें. तरवड, हिवर, बोरी व सीताफळीचीं झुडुपें वाटेच्या दोहों बाजूंस दाटलेलीं होतीं. कोठें तित्तिर ओरडत होता, कोठें दूरवरून मोराची केका येत होती. माणसाचें नाक ज्या वाटेनें रिकामेंच जातें तेथें श्वानास पावलोपावलीं वर्तमान मिळत असतें. मोत्या प्रत्येक धोंड्याशीं थांबे, हुंगे आणि मग जणुं मजकूर वाचून झाला अशा समाधानानें पुढें निघे. त्याच्यामुळें आमचीही चाल मंद झाली व एरव्ही नजरेआड गेलें असतें तें पुष्कळ दिसलें.

अशा प्रवासांत त्याची काळजीही वाहावी लागते. कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा ताप उतरविण्याचा मुख्य उपाय. म्हणून उन्हें तापण्यापूर्वींच चढण संपवावी, त्याच्या वांट्याचें पाणी निराळें घ्यावें व गळ्यांतील दोरी सोडूं नये. मेंढपाळांचीं कुत्रीं परक्या कुत्र्यास कळपाजवळ येऊं देत नाहींत, हेंही दोरीचें एक कारण आहे.

दुसरें कारण त्याहून मोठें. २०२० सालीं याच पाथर्डी तालुक्यांत बिबट्यानें बालकांचे प्राण घेतले, तें दुःख येथील लोक विसरलेले नाहींत. आमच्याच जिल्ह्यांतील अकोले भागांत विद्या अत्रेय प्रभृति अभ्यासकांनीं बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराची तपासणी केली, तेव्हां त्यांत वजनाच्या मानानें सर्वांत मोठा भाग, शेंकडा सुमारें ३९, पाळीव कुत्र्यांचा निघाला.

अर्धी वाट सरली असेल. एका ओढ्यापाशीं मोत्या एकाएकीं थबकला. पाठीवरचे केंस उभे राहिले, शेंपूट पोटाशीं गेलें आणि तो आमच्या पायांस अंग घासून उभा राहिला. ओल्या मातींत एक रुंद पाऊल उमटलेलें होतें. शेजारींच मोत्याचें पाऊल पडलें, त्यांत नखांच्या खुणा स्पष्ट होत्या. त्या मोठ्या पावलांत नखें नव्हतीं. इतक्यांत वरून एक धनगर मेंढरें घेऊन उतरला. मोत्याकडे पाहून तो म्हणाला, “गुरुजी, परवाच्याला आमचं कुत्रं नेलं त्यानं. तुम्ही ह्याला घेऊन माघारी फिरा.”

धाकटा नातू हिरमुसला. “आजोबा, मायंबा थोडाच तर राहिला! मोत्याला या काकांजवळ बांधून जाऊं.”

त्यास आम्हीं महाप्रस्थानाची कथा आठवून दिली. द्रौपदी व भाऊ वाटेंत पडल्यावरही जो श्वान मागें येत राहिला त्यास टाकून स्वर्गाच्या रथांत पाय ठेवण्यास धर्मराज तयार झाला नाहीं. आणि तो श्वान म्हणजे साक्षात् धर्मच होता. “परंतु आपल्याला तर तें ठाऊक आहे,” थोरला म्हणाला, “धर्मराजाला ठाऊक नव्हतें.” या उत्तराचा आम्हांस मोठा आनंद झाला. ठाऊक नसतांना केलें म्हणूनच त्याचें मोल. आम्हीं मायंब्याच्या दिशेस हात जोडले व मढीची वाट धरली. दोरी धाकट्यानें आपण होऊन हातांत घेतली, ती जीपगाडींत बसेपर्यंत सोडली नाहीं.

ज्यांस या डोंगरांत जावयाचें असेल त्यांनीं कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस निवडावे, दिवस चांगला वर आल्यावर वाट धरावी, लहान मुलांस मध्यें चालवावें आणि मेंढपाळांचा सल्ला शिरसावंद्य मानावा. बरोबर कुत्रें असल्यास सर्वांच्या आधीं त्याच्याकडे पाहावें. पुढचें त्यास आपल्याआधीं कळतें.