दोन मजल्यांमधला घाट

थोड्या जागेत पुष्कळ काही मांडायचे असले की माणूस आधी वर पाहतो. शहरातल्या घरांवर मजले चढले ते याच न्यायाने आणि आमच्याकडची पुस्तकांची कपाटे छताला टेकली तीही याच न्यायाने. रेल्वेची लघुप्रतिकृती उभारणारी मंडळीही याला अपवाद नाहीत. त्यांच्या भाषेत अशा मांडणीला 'लेआउट' म्हणतात. खोली लहान असेल तर भिंतीलगत एक फळी, तिच्यावर दुसरी फळी, आणि दोहोंवरून धावणारी एकच गाडी, असा बेत सहज सुचतो. कागदावर जागा दुप्पट होते. मात्र गेले काही महिने पट्टी, कंपास आणि आलेखाचा कागद घेऊन बसल्यावर आमच्या ध्यानात आले ते असे की, मजला स्वस्तात मिळतो. चढ मात्र विकतच घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत लांबीत मोजावी लागते.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमचा आणि लोखंडाचा संबंध एवढाच की, आमच्यापैकी एकीचे वडील, म्हणजे दुसऱ्याचे सासरे, रेल्वेत ड्रायव्हर होते आणि नोकरीतली बरीच वर्षे त्यांनी कर्जत-लोणावळा घाटात बँकर इंजिने चालवली. बँकर म्हणजे चढावर गाडीला मागून रेटणारे इंजिन. ते कर्जतला गाडीच्या शेपटीला लागते, घाट चढून झाला की लोणावळ्याला सुटते, आणि गाडी पुण्याकडे निघून जाते. वडील आता ८४ वर्षांचे आहेत, आमच्याकडेच असतात, आणि त्यांचे बहुतेक बोलणे घाटातले असते. तेव्हा रेल्वे करायची तर बोरघाटच करायचा, हे ठरवण्याची गरजच पडली नाही. प्रश्न होता तो दहा बाय आठ फुटांच्या खोलीचा.

अमेरिकेतील जॉन आर्मस्ट्राँग यांनी १९६३ साली लेआउटच्या आखणीवर एक पुस्तक लिहिले. या छंदात ते पाठ्यपुस्तकासारखे मानले जाते. आर्मस्ट्राँग सांगत की, आखणीच्या आरंभी दोन याद्या कराव्यात: एक बदलता न येणाऱ्या गोष्टींची आणि दुसरी मनात असलेल्या, पण प्रसंगी सोडता येतील अशा गोष्टींची. आमच्या पहिल्या यादीत खोली, तिचे दार, खिडकी आणि वडिलांची खुर्ची आली. खुर्चीत बसल्यावर त्यांची नजर जमिनीपासून सुमारे ११५ सेंटिमीटरांवर येते. म्हणून वरचा मजला, अर्थात लोणावळा, त्याच उंचीवर हवा. त्याखाली ३० सेंटिमीटरांवर कर्जत. दुसऱ्या यादीत आम्ही जे जे लिहिले त्यातले निम्मे पहिल्या आठवड्यातच गळाले.

प्रमाण निवडले ते 'एन', म्हणजे १:१६०. यात दोन रुळांमधले अंतर ९ मिलिमीटर असते आणि उभा माणूस जेमतेम १ सेंटिमीटरचा होतो. प्रमाणशास्त्राची पहिली तडजोड इथेच करावी लागते, कारण आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर १६० ने भागले तर साडेदहाच्या आसपास येतात, नऊ येत नाहीत. पुढचा हिशेब याहून बोलका आहे. मूळ बोरघाटाची चढण सुमारे २५ किलोमीटर लांब आणि सुमारे ५५८ मीटर उंच. १:१६० ने ती दीडशे मीटरांहून लांब आणि साडेतीन मीटर उंच होते. म्हणजे प्रामाणिकपणे बांधलेला बोरघाट आमचे छत फोडून वरच्या बिऱ्हाडात शिरेल. प्रतिकृती ही अशा रीतीने मुळातच निवड असते. पंचवीस किलोमीटरांतले कोणते अकरा मीटर ठेवले म्हणजे पाहणाऱ्याला तो घाट वाटेल, एवढाच प्रश्न उरतो. कथेत आयुष्य कसे मावते, हे वर्गात समजावून सांगताना आम्ही वेगळे काय सांगत असतो?

अकरा मीटर हा आकडा आम्ही घाटाकडूनच घेतला. बोरघाटातला सर्वांत कडक चढ ३७ फुटांत १ फूट आहे. आम्हाला ३० सेंटिमीटर चढायचे आहेत. ३७ ने गुणले की ११ मीटर १० सेंटिमीटर होतात. एवढे रूळ कुठून तरी काढावेच लागतात, त्यातून सुटका नाही. प्रश्न फक्त ते कुठे ठेवायचे हा.

या छंदातला रूढ तोडगा म्हणजे 'हेलिक्स': कोपऱ्यात उभे केलेले, चक्री जिन्यासारखे रुळांचे वेटोळे. ३० सेंटिमीटर त्रिज्येचा एक वेढा पावणेदोन मीटरांहून थोडा अधिक लांब होतो आणि गाडीला ५ सेंटिमीटर वर नेतो. सहा वेढ्यांत लोणावळा. कोपऱ्यातली पाऊण मीटर चौरस जागा गेली की काम झाले. पुष्कळ उत्तम लेआउट असेच बांधलेले आहेत. आमची अडचण निराळी होती. हे वेटोळे डोंगराच्या देखाव्याआड झाकलेले असते. ताशी ४० किलोमीटरांची गाडी या प्रमाणात सेकंदाला ७ सेंटिमीटर सरकते. म्हणजे कर्जतला कोपऱ्यात शिरलेली गाडी अडीच मिनिटांहून अधिक काळ दिसेनाशी होऊन लोणावळ्याला प्रकट होईल. ज्या माणसाचे सारे कर्तृत्व या दोन स्थानकांच्या मध्ये घडले, त्याच्यापुढे आम्ही नेमके तेवढेच झाकून ठेवणार!

अडलेल्या वेळी आम्ही इतिहासाकडे वळलो, आणि तिथे आमचीच अडचण भेटली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ साली घाटाखाली खोपोलीपर्यंत आणि १८५८ साली घाटावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाड्या सुरू केल्या. दोन्ही मजले तयार होते. मधला चढ नव्हता. घाट खुला झाला तो १८६३ साली. मधली पाच वर्षे उतारू खोपोलीला गाडीतून उतरत, पालखीतून नाहीतर तट्टावरून घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मरण पावला तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे चालवले. ही नावे ग्रंथांत सापडतात. ज्या हजारो मजुरांनी बोगदे खोदले, त्यांच्या हातची पालखी मात्र मागे राहिली नाही आणि नावेही राहिली नाहीत. जोडणारा नेहमी असाच अदृश्य होतो, असे म्हणण्याचा मोह होतो; पण तो नियम नसून, आखणी करणाऱ्यांनी वेळोवेळी घेतलेला निर्णय असतो.

हेलिक्स आम्ही रद्द केले. त्याऐवजी लोहमार्ग भिंतीच्या कडेने, सर्वांच्या डोळ्यांदेखत, खोलीला प्रदक्षिणा घालत चढवायचा ठरले. दारापाशी उचलून ठेवता येईल अशी फळी. कोपऱ्यांतली वळणे धरून एक फेरा ९ मीटरांचा होतो, म्हणजे चढ २४ सेंटिमीटरांचा. सहा सेंटिमीटर कमी पडले, रुळांच्या हिशेबात २ मीटर १० सेंटिमीटर. आणखी एक पूर्ण फेरा घ्यावा तर वरच्या मजल्याची जागाच संपते.

याही अडचणीचे उत्तर बोरघाटातच होते. १८६३ च्या मार्गावर खंडाळ्याजवळ एक 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते. डोंगराने पुढची वाट अडवलेली, म्हणून गाडी एका बंद फाट्यावर थांबायची, दिशा बदलायची आणि दुसऱ्या मार्गाने उलट दिशेला चढत जायची. १९२९ च्या सुमारास नवा मार्ग झाला आणि ते स्थानक गेले. आम्हाला ते जसेच्या तसे उपयोगी पडले: एक फेरा, एक मीटरचा बंद फाटा, एक सांधा, आणि उरलेले दोन मीटर उलट्या दिशेने. अभियंत्यांनी डोंगराला शरण जाऊन जी युक्ती काढली, ती दीडशेहून अधिक वर्षांनी एका खोलीच्या चार भिंतींना लागू पडली.

नकाशा वडिलांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ बोट फिरवले आणि बंद फाट्यापाशी थांबवले. "आमच्या वेळी इथे गाडी उलटत नव्हती," ते म्हणाले. बरोबरच होते. त्यांची इंजिने विजेची, आणि हे स्थानक त्यांच्या जन्माआधीच बंद पडलेले. आम्ही दोन काळ एकत्र करत होतो. ऐतिहासिक कादंबरीवरच्या चर्चासत्रात याला आम्हीच कालविपर्यास म्हटले असते. त्यांना तसे सांगितलेही. ते ऐकत नव्हते. बोट त्या फाट्यावर पुढे-मागे करत होते. मग म्हणाले, "पण इथे गाडी उलटली, की मागचं इंजिन पुढे येतं."

नकाशा आम्ही काढला होता. ही गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. पुढे एक आणि मागे एक इंजिन लावलेली पाच डब्यांची गाडी फाट्यावर दिशा बदलेल तेव्हा शेवटचे दोन मीटर बँकर पुढे असेल, आणि लोणावळ्यात आधी तोच शिरेल. कालविपर्यास कायम ठेवला आहे.

नकाशा आता पक्का झाला आहे. कर्जतच्या एका टोकाला बुटक्या टेकडीआड तीन रूळ दडवले आहेत. त्यांना छंदाच्या भाषेत 'फिडल यार्ड' म्हणतात. नाटकातली विंग असावी तशी ही जागा. तिथून येणारी प्रत्येक गाडी मुंबईहून आली, असे प्रेक्षकाने मानायचे. भिंतींवरचे हाताशी असलेले पुस्तकांचे कप्पे मोकळे केले आहेत. शब्दकोश खाली गेले, दिवाळी अंक पार वर गेले, आणि काही पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला दिली.

कामाचा क्रम तेवढा ठरायचा होता. आमचा विचार होता की, आधी दोन्ही स्थानके उभारावीत, म्हणजे निदान शंटिंग तरी करता येईल. घाटाला दोन-तीन वर्षे लागतील. वडिलांनी तारीख-वार काही विचारले नाही. एवढेच म्हणाले, "घाट आधी बांधा. स्टेशनं काय, कोणीही बांधतं."

सुताराला पहिल्या भिंतीचे माप दिले आहे. कर्जत आणि लोणावळा तूर्त दोन कोऱ्या फळ्या राहतील.