सात घरांचा निरोप

आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलामुलींची यादी मी वहीत ठेवते. या सुट्टीत माझ्या भाचीने ती वही संगणकात उतरवली. ती पायथन शिकते. डच प्रोग्रामर गिडो व्हॅन रॉसम यांनी तयार केलेली ही संगणकाची भाषा १९९१ मध्ये लोकांसमोर आली. "खालाजान, नावाचा सापाशी काही संबंध नाही, एका विनोदी कार्यक्रमावरून ठेवलंय," हेही तिनेच सांगितलं.

पायथनमध्ये एका मुलाची माहिती म्हणजे एक 'डिक्शनरी'. शब्दकोश नव्हे, मसाल्याचा डबाच म्हणा ना! प्रत्येक वाटीवर चिठ्ठी, आत जिन्नस. चिठ्ठी ती 'की', जिन्नस ती 'व्हॅल्यू'. नाव, इयत्ता, मोबाइल अशा चिठ्ठ्या. असे एकेचाळीस डबे चौकोनी कंसात ओळीने मांडले की झाली 'लिस्ट'.

मला पालकसभेच्या निरोपासाठी फक्त मोबाइल नंबर हवे होते. वहीतून उतरवायचे म्हणजे अख्खी संध्याकाळ. भाचीने 'फॉर' आणि 'इन' वापरून एकच ओळ लिहिली. अर्थ एवढाच, की यादीतल्या प्रत्येक डब्यातून 'मोबाइल' चिठ्ठीचा जिन्नस काढ आणि नवी यादी कर. याला 'लिस्ट कॉम्प्रिहेन्शन' म्हणतात.

प्रोग्राम मध्येच अडला. 'कीएरर'! एका डब्यात ती चिठ्ठीच नव्हती. दुसऱ्या एका डब्यात 'मोबाईल' अशी दीर्घ ई पडली होती. आपण समजून घेतो, संगणक घेत नाही. त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. ती दुरुस्त केली. मग तिने 'इफ' जोडलं, म्हणजे चिठ्ठी असेल तरच घे. क्षणात चौतीस नंबर समोर.

ती खूश. मी विचारलं, "बेटा, मुलं एकेचाळीस आहेत. सात कुठे गेली?"

त्या सात घरांत फोनच नाही. प्रोग्रामने चूक दाखवली नाही, गुपचूप त्यांना वगळलं. आधीचा अडणारा प्रोग्राम मला जास्त प्रामाणिक वाटला. निरोप न मिळण्याची खरी भीती नेमकी याच सात घरांची!

मग भाचीने 'गेट' वापरलं. चिठ्ठी नसेल तर काय भरायचं, ते त्यात आपणच सांगायचं. न सांगितल्यास तिथे 'नन' येतं, म्हणजे काहीच नाही. आम्ही भरलं, 'घरी जाऊन सांगणे'. नुसत्या नंबरांवरून जायचं कुणाकडे ते कळत नाही, म्हणून शेजारी नावही घेतलं. यादी पुन्हा एकेचाळीसची झाली.

दुपारी उन्हं उतरल्यावर आम्ही दोघी निघालो. चौथ्या घरी एक अम्मी विड्या वळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "येईन की, पण संध्याकाळी माल द्यायला जावं लागतं." सभा आता रविवारी सकाळी अकराला आहे. बदललेल्या वेळेचा निरोप चौतीस जणांना फोनवर गेला. उरलेल्या घरांकडे आम्ही पुन्हा पायी गेलो.