तेरेखोलच्या किल्ल्यात एक रात्र

अणशीहून कुठेही जायचं म्हणजे आधी घाट उतरायचा, कद्रा गाठायचं आणि काळी नदीच्या सोबतीने सदाशिवगडापर्यंत यायचं. आमच्या घरच्यांना तर कारवारसुद्धा लांब वाटतं. तरीही डिसेंबर 2018 मध्ये आम्ही चौघी शाळेच्या मैत्रिणींनी एक रात्र बाहेर राहायचं ठरवलं. कारण तसंच होतं. आमच्यातली एक जोयड्याचं घर विकून मुलाकडे पुण्याला कायमची निघाली होती. पुन्हा चौघी एकत्र कधी येणार, कोणी सांगावं?

जागा ठरली तेरेखोलचा किल्ला. गोव्याच्या अगदी उत्तर टोकाचा. गाव गोव्याचं, पण नदीच्या पलीकडे, महाराष्ट्राला चिकटून. सकाळी निघालो. काणकोण, मडगाव, पणजी करत, चहाला थांबत, केरीला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. तिथून फेरीबोट. बोटीतून वर पाहिलं की टेकडीवर किल्ला दिसतो. फार मोठा नाही, पण नदीच्या मुखावर नेमका नजर ठेवून बसलेला. "आपल्या सदाशिवगडासारखाच गो," एक म्हणाली. खरंच, काळीच्या मुखावर तो, तेरेखोलच्या मुखावर हा.

हा किल्ला 17व्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी बांधला. 1746 मध्ये तो पोर्तुगिजांनी घेतला. चौकात सेंट अँथनीचं पांढरंशुभ्र चर्च आहे. पुढे किल्ल्यातच हॉटेल झालं. खोल्या सातच, आणि त्यांना वारांची नावं! आम्हाला दोन मिळाल्या. सोमवार पाळणारी आमची मैत्रीण नेमकी सोमवारच्या खोलीत गेली आणि रात्री सुरमईवर ताव मारून तिथेच झोपली. यावरून तिची किती थट्टा केली असेल! "वार भिंतीवर आहे, पंचांगात नाही," हे तिचं उत्तर.

संध्याकाळी तटावर बसलो. खाली नदी समुद्राला मिळत होती, समोर केरीचा किनारा. आमच्यातल्या इतिहासाच्या बाईंनी मग 1954 ची गोष्ट काढली. त्या वर्षी 15 ऑगस्टला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी इथे तिरंगा लावला. तो एक दिवस फडकला. मग सगळे पकडले गेले, तुरुंगात गेले. गोवा मुक्त व्हायला 19 डिसेंबर 1961 उजाडावा लागला.

"म्हणजे एका दिवसासाठी एवढं?" मी विचारलं.

पुण्याला निघालेली आमची मैत्रीण तोवर गप्प होती. ती म्हणाली, "एक दिवस तर लागला ना."

मग ती बोलायला लागली. तिचं माहेर सुप्याचं. धरण झालं आणि सुपा गाव काळीच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. "ते घर विकताही आलं नाही. कुलूप लावायचं की नाही, हाच आईला प्रश्न पडला होता. हे निदान मी माझ्या हाताने दुसऱ्याला देतेय. परसातला फणसही सांगून-सवरून देईन." इतके दिवस आम्ही तिला "काळजी करू नकोस, पुणं छान आहे" एवढंच म्हणत होतो. तिला पुण्याची काळजी नव्हतीच. घर सोडताना कुणीतरी सोबत बसून तिचं ऐकायला हवं होतं, ते राहून जात होतं. त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत फक्त ऐकलं. सुप्याचा बाजार, आईचं तुळशीवृंदावन, लग्नातली वरात, सगळं.

सकाळी फेरीबोटीत तिने आपणहून विषय काढला, पुढच्या वेळी कुठे? घरी रोज भेटणाऱ्या आम्हाला हे बोलायला किल्ल्यापर्यंत जावं लागलं, याचं नवल वाटतं. पण घरी कुकरची शिट्टी असते, दारात कोणीतरी येतं, आणि बोलणं अर्ध्यावर राहतं.

त्यानंतरही आम्ही भेटलो, दरवेळी एकाच रात्रीसाठी. यंदा ती अणशीला येणार आहे. येताना पुण्याची बाकरवडी आणते आणि जाताना आमच्याकडून कोकम नेते. फणसाची चौकशी मात्र ती आल्या आल्या करते, आणि नव्या मालकांनी तो तोडलेला नाही.