गोडाचा हिशेब

आपल्या भाषेचा 'गोड' या शब्दावर फार लोभ आहे. बाळाचे हसू गोड, बातमी गोड, गोष्टीचा शेवटही गोड. माझ्या कोंकणी घरात तर नेवऱ्यांवाचून चवथ सरत नाही. परंतु गोडालाही मोजमाप असते, हे मला नववीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने शिकविले. तिला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे.

ती वर्गात आली तेव्हा कुजबुज झाली, "फार गोड खाल्लं असेल!" हा समज निखालस खोटा आहे. या विकारात शरीराची संरक्षकशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. यात ना मुलाचा अपराध, ना आईचा. इन्सुलिन नसले की रक्तात साखर साठते आणि पेशी मात्र उपाशी राहतात. कोठार भरलेले असावे व किल्ली हरवावी, तशी ही अवस्था!

ही किल्ली माणसाला गवसून फार काळ लोटलेला नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले. तोवर असा आजार म्हणजे मुलाचा मृत्यूच ठरलेला असे. तो मुलगा त्यानंतर १३ वर्षे जगला.

आमची विद्यार्थिनी दिवसातून अनेकदा बोटाला सुई टोचून रक्तातील साखर पाहते. भाताची मूद, पाव, खेळाचा तास, ताप, परीक्षेची धास्ती, या सर्वांचा मेळ घालून ती इन्सुलिनची मात्रा ठरविते. गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी हे गणित एकदा अवश्य पाहावे.

एके दुपारी खेळाच्या तासानंतर ती हळूच म्हणाली, "बाई, म्हाका घुंवळ येता." हात कापत होते, कपाळावर घाम होता. यंत्राने ५८ हा आकडा दाखविला. ७० च्या खाली साखर गेली की त्वरित उपाय करावा लागतो. मी काही बोलण्यापूर्वीच शेजारच्या मुलीने स्वतःच्या दप्तरातून ग्लुकोजची पुडी काढली. १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटे विसावा, पुन्हा तपासणी. आकडा ८४ वर आला. ती पुडी कित्येक महिने त्या दप्तरात होती, हे मला त्या दिवशी कळले.

पुढे सहलीची वेळ आली तेव्हा, "उगाच जोखीम कशाला?" असे काही वडीलधाऱ्यांचे मत पडले. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "घरी राहिले तरी साखर माझ्याबरोबरच असते." या उत्तरापुढे कोणाचेच काही चालले नाही. ती आग्वादचा किल्ला सर्वांबरोबर चढली.

विद्यार्थिमित्रहो, असा सोबती अडखळत बोलू लागला, घामेजला, तर त्याला एकटे सोडू नका. साखर द्या व शिक्षकांना बोलवा. तो बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ वर दूरध्वनी करा.

इन्सुलिनच्या शोधकांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग, यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा. म्हणून तो दिवस जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे तोच बालदिन. त्या दिवशी वर्गात खाऊ वाटाल तेव्हा तिलाही विचारा. घ्यायचा की नाही, आणि किती, याचा हिशेब ती तुम्हांआम्हांपेक्षा अचूक करते.