जिभेला लावलेला सेल

सिन्नरला माझ्या मामाचा मांडव-स्पीकरचा धंदा होता. दहावी झाल्यावर मी त्याच्या हाताखाली लागलो, आणि पहिलं काम मिळालं ते सेल सांभाळायचं. कॉर्डलेस माईकला ९ व्होल्टचा चौकोनी सेल लागतो. हरिनाम सप्ताहात सात दिवस रोज रात्री कीर्तन. दर वेळी नवा सेल घालणं परवडायचं नाही. वापरलेले सेल एका पत्र्याच्या डब्यात जमायचे. त्यातला कुठला अजून एक कीर्तन काढेल, हे मामा जिभेवर ठरवायचा.

सेलची चव मला आधीपासून माहीत होती, पण फिक्की. रात्रीची लाईट आली की वडील बॅटरी घेऊन कांद्याला पाणी भरायला जायचे. बॅटरी मंद झाली की आई तिच्यातले सेल पत्र्यावर उन्हात ठेवायची. तापलेला सेल थोडा वेळ पुन्हा जोर धरतो. आम्ही पोरं त्याच्या बुडाला वायर धरून तिचं दुसरं टोक आणि वरची टोपी जिभेला लावायचो. १.५ व्होल्टचा तो सेल, जेमतेम आंबटपणा कळायचा. चौकोनी सेलच्या पोटात तसले सहा छोटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि दोन्ही टोकं एकाच डोक्यावर. जीभ टेकली की दोन्हींना टेकते. लाळेत क्षार असतात, त्यामुळे वीज जिभेतून वाहते.

पहिल्यांदा मामानं कोरा सेल लावायला दिला. चटका असा बसला की डोळ्यांत पाणी आलं. मग अर्धा उतरलेला दिला: चिंच चाखल्यासारखं आंबट आणि कडेला बारीक झिणझिण्या. शेवटी संपलेला. नुसता पत्रा. "आता ह्या तीन चवी लक्षात ठेव," मामा म्हणाला. "आणि हे फक्त ह्याच सेलला. भिंतीच्या बोर्डाजवळ असला खेळ केलास तर परत कामावर येऊ नकोस."

मी मात्र एक मीटर विकत घेतलं. आकडा दिसतो, मग जीभ कशाला, असं मला मनापासून वाटायचं.

२००५ साली दोडीच्या बाजूला एका गावात सप्ताह होता. काल्याचं कीर्तन. डब्यातला सेल मी मीटरवर पाहिला. नऊच्या वर आकडा आला म्हणून माईकमध्ये घातला. महाराज उभे राहिले, टाळकऱ्यांनी चाल धरली आणि दहाव्या मिनिटाला माईक खरखरला, मग बंद. मांडव गच्च भरलेला. मागच्या बायका उठून पुढं बघायला लागल्या. मामानं वायरचा माईक महाराजांपुढं लावला, "माउली, दोन मिनिटं," म्हणाला आणि मला मागं घेऊन आला. माईकमधला सेल काढून त्यानं जिभेला लावला. "हा कधीच मेलाय रे." मी मीटर पुढं केलं. मामानं मीटरचं झाकण उघडलं, आतला चौकोनी सेल काढला आणि तोही जिभेला लावला. माझ्याकडं बघितलं, पण बोलला काहीच नाही. खिशातला कोरा सेल काढून माझ्या हातात दिला.

मीटरचा स्वतःचा सेल उतरला की त्याचं मोजमाप ढळतं आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. शिवाय मीटर सेलमधून जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. थकलेला माणूस बसल्या जागी धट्टाकट्टा दिसतो, ओझं उचलायला सांगितलं की कळतं, सेलचंही तसंच. जीभ थोडी तरी ओढते. तरी माईकच्या ओढीपुढं ती काहीच नाही, म्हणून मामाचाही अंदाज कधी कधी चुकायचा.

पुढं आयटीआयला सरांनी व्होल्टाची गोष्ट सांगितली. इटलीतल्या ह्या माणसानं १८०० साली जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचून पहिली बॅटरी केली. वीज आहे की नाही हे तो आपल्याच जिभेवर पाहायचा. मला वर्गात मामाचा पत्र्याचा डबा आठवला आणि फार बरं वाटलं.

मागच्या वर्षी माझी पाच वर्षांची मुलगी रिमोटमधला बटणासारखा चपटा सेल काढून जिभेकडे नेताना दिसली. मी करताना तिनं पाहिलं होतं. माझ्या हातापायातलं बळच गेलं. तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजून काढतो. थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. तिला जवळ घेऊन मी ते सगळं तिच्या भाषेत सांगितलं.

रिमोटच्या झाकणाला आता स्क्रू आहे आणि जादा सेल वरच्या फळीवर. कॉर्डलेसचा सेल मात्र मी अजून जिभेला लावूनच माईकमध्ये घालतो, मांडवाच्या मागं, पोरं नाहीत हे बघून.